हौदातलं पाणी हौदातच राहावं म्हणून: कोई पाळणाऱ्या नवख्यांसाठी

मार्च महिन्यातली पहाट. देवाला फुलं काढायला परसदारी गेलेल्या आईंची, म्हणजे सासूबाईंची, हाक आली, "अगं, लवकर बाहेर ये, सगळं अंगण ओलं झालंय!"

बाहेर जाऊन पाहिलं तर चार फूट खोल हौदात वीतभर पाणी. पाच कोई, म्हणजे रंगीत जपानी मासे, कुशीवर पडून तोंडाची उघडझाप करत होते. तळाशी ठेवलेला पंप हवा ओढत घरघरत होता. शेजारचा निळा ड्रम, म्हणजे आमचा फिल्टर, मात्र काठोकाठ भरलेला. हौदाला कुठे तडा नव्हता, पाइपही निसटला नव्हता. फिल्टरमधल्या स्पंजवर गुलमोहराच्या बारीक पानांचा थर बसला होता. पाण्याला खाली उतरायला जागा राहिली नाही, ते ड्रमच्या काठावरून बाहेर पडलं आणि पंपाने आख्खा हौद उपसून अंगणात ओतला.

चार मासे वाचले. अंगावर खरचटलेला पाचवा आठव्या दिवशी गेला. तो वाचायला हवा होता. त्यासाठी लागणारं सामान कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं आणि काही शे रुपयांत येतं. आपल्याला ते आधी कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. तुम्ही कितीही काळजी घ्या, फिल्टर एक ना एक दिवस तुंबणार. तो तुंबला की पाणी कुठे जाणार हे तुम्ही आज ठरवायचं आहे, आणि त्याचं उत्तर एकच असायला हवं: परत हौदात.

आधी आपला फिल्टर ओळखा

घरगुती हौदांचे फिल्टर दोन तऱ्हांनी जोडलेले असतात. पहिल्या तऱ्हेत पंप हौदात बसतो. तो पाणी उचलून शेजारच्या ड्रममध्ये टाकतो, तिथे ते स्पंज, ब्रश, बायोबॉल (जिवाणू वाढावेत म्हणून वापरायचे प्लॅस्टिकचे जाळीदार गोळे) यांतून गाळलं जातं आणि स्वतःच्या वजनाने हौदात परत येतं. ड्रमची पातळी हौदाच्या वर असते. हौद बांधून झाल्यावरही असा फिल्टर जोडता येतो, त्यामुळे घरोघरी बहुतेक हाच दिसतो.

दुसऱ्या तऱ्हेत फिल्टरच्या टाक्या जमिनीत, हौदाच्याच पातळीला बांधलेल्या असतात. हौदाच्या तळाच्या ड्रेनमधून पाणी आपोआप त्यांत येतं आणि पंप सगळ्यात शेवटच्या टाकीत असतो. इथे जाळी तुंबली तर शेवटची टाकी कोरडी पडते आणि पंप जळू शकतो, पण हौद भरलेलाच राहतो. हौद अजून बांधायचा असेल आणि खोदकामाचा खर्च झेपत असेल तर मी हीच पद्धत घ्यायला सांगेन. पंप नवा आणता येतो.

पुढचं बरंचसं पहिल्या तऱ्हेच्या, म्हणजे ड्रम वर असलेल्या हौदांसाठी आहे, कारण धोका तिथे जास्त आहे. किती, ते एका साध्या हिशेबाने कळेल. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल हौदात ७,२०० लिटर पाणी मावतं. त्यावर ताशी ६,००० लिटरचा पंप बसवलेला असेल आणि सगळंच पाणी बाहेर जायला लागलं, तर सव्वा तासाच्या आत हौद रिकामा. रात्री अकराला तुंबलं तर साडेबाराच्या आधी सगळं संपलेलं असतं.

पाणी किती फिरतंय ते मोजा

पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी जितकं वर चढवावं लागतं तितका तो कमी होतो. खरा आकडा काढायला २० लिटरची बादली आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरतं. फिल्टरमध्ये येणारा पाइप बादलीत धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते पाहा. १२ सेकंदांत भरली तर ताशी ६,००० लिटर, २० सेकंदांत भरली तर ताशी ३,६०० लिटर. तीनदा मोजा, मधला आकडा घ्या आणि ड्रमच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा. फिल्टर स्वच्छ असतानाचा हा आकडा पुढे फार उपयोगी पडतो. दोन महिन्यांनी तीच बादली १८ सेकंद घ्यायला लागली, तर पंपाची जाळी धुवायची वेळ झाली आहे.

परतीचा पाइप मोठा हवा

पंप पाणी जोराने ढकलतो, त्यामुळे त्याला सव्वा इंची पाइपही पुरतो. परत येणाऱ्या पाण्याला मात्र ढकलणारं कुणी नसतं, ते नुसतं घरंगळतं. तरीही पुष्कळदा येणारा आणि जाणारा असे दोन्ही पाइप एकाच मापाचे बसवलेले दिसतात. असा फिल्टर स्वच्छ असतानासुद्धा काठाला टेकलेला असतो. थोडा कचरा अडकायचा अवकाश, की ओसंडलाच.

ताशी ६,००० लिटरला परतीचा पाइप किमान तीन इंची घ्या. चार इंची बसत असेल तर तोच. दोन इंची जेमतेम पुरतो, आणि जेमतेम पुरणं इथे चालत नाही. आधीच दोन इंची असेल तर तो काढू नका, शेजारी तसाच दुसरा बसवा. ड्रमला भोक पाडून टँक निपल, म्हणजे टाकीला पाइप जोडायचा तुकडा, बसवायला प्लंबरला अर्धा तास लागतो.

पाइपला हौदाकडे सतत उतार द्या. मध्ये कुठे कुबड राहिलं तर तिथे हवा अडकते आणि तीन इंची पाइप दीड इंचीसारखा वागायला लागतो. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड लावा. परतीच्या पाइपवर व्हॉल्व्ह मात्र कधीही बसवू नका. कुणीतरी, कधीतरी, काहीतरी धुताना तो बंद करतं आणि उघडायचं विसरतं. प्रवाह कमीजास्त करायचा असेल तर व्हॉल्व्ह पंपाच्या बाजूच्या पाइपवर बसवा.

सुटकेची वाट: सगळ्यात महत्त्वाचा पाइप

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला वरच्या अंगाला ओव्हरफ्लोचा पाइप असतो. तसाच फिल्टरच्या ड्रमलाही लावायचा. फरक एवढाच, की टाकीचा ओव्हरफ्लो गच्चीवर सांडतो, आपला हौदात सांडला पाहिजे.

तो कुठे बसवायचा हे नीट समजून घ्या, कारण चूक इथेच होते. ड्रमच्या ज्या भागात पंपाचं पाणी सगळ्यात आधी येतं, म्हणजे स्पंज आणि जाळ्यांच्या अलीकडे, तिथे हा पाइप हवा. स्पंज तुंबला की पाणी अलीकडच्या बाजूला चढतं. पलीकडे, गाळलेल्या पाण्याच्या कप्प्यात ओव्हरफ्लो लावला असेल तर तो कोरडाच राहतो आणि ड्रम या बाजूने ओसंडतो. आमच्या पहिल्या दुरुस्तीत नेमकं हेच झालं होतं. मी पाणी सोडून पाहिलं म्हणून कळलं.

उंचीचं म्हणाल तर रोजच्या पातळीच्या दोन इंच वर पाइपची खालची कड यावी आणि पाइपच्या वरच्या कडेपासून ड्रमच्या काठापर्यंत किमान तीन इंच जागा उरावी. माप परतीच्या पाइपइतकंच. तोंडावर जाळी लावायची नाही. मासे ड्रममध्ये नसतात, त्यामुळे जाळीची गरजच नाही, आणि कचऱ्याने पहिली तुंबेल ती हीच जाळी.

या वाटेने येणारं पाणी न गाळलेलं असतं. हौद गढूळ होईल, एखादा दिवस वाईट दिसेल. हरकत नाही, मासे त्यात जगतात. शिवाय हा पाइप हौदाच्या पाण्यापासून हातभर उंचीवर सोडला तर पडणाऱ्या पाण्याचा आवाज येतो. तो आवाज आला की फिल्टर धुवायचा, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. आमच्या घरी आईंना तो माझ्या आधी ऐकू येतो.

पाइप बसवून झाला की तालीम करा. पंप चालू ठेवा, परतीच्या पाइपच्या तोंडात ओला टॉवेल घट्ट कोंबा आणि ड्रमपाशी उभे राहा. पाणी चढेल, सुटकेच्या पाइपमध्ये शिरेल आणि एका पातळीला थांबेल. दहा मिनिटं थांबून पाहा. काठाच्या वर एक थेंबही गेला नाही तर काम झालं. गेला तर पाइप लहान आहे किंवा फार वर बसला आहे. टॉवेल काढायला विसरू नका. वर्षातून दोनदा, होळीच्या आसपास आणि पावसाळा लागायच्या आधी, मी ही तालीम करते.

पंप तळाला ठेवू नका

तळाला ठेवलेला पंप घाण चांगली ओढतो, म्हणून सगळे तिथेच ठेवतात. पण पंप जिथे आहे तिथपर्यंतच तो पाणी उपसू शकतो. चार फुटी हौदात तो दोन फुटांवर ठेवला, तर सगळं बिघडलं तरी दोन फूट पाणी उरतं आणि मासे सकाळपर्यंत तग धरतात. विटा रचून किंवा दगडी पायरीवर ठेवा आणि दोरीने बांधा, नाहीतर कोई ढुशा देऊन तो खाली लोटतात. तळाची घाण आठवड्यातून एकदा पाइपच्या सायफनने, म्हणजे पाणी भरलेल्या पाइपचं टोक हौदाबाहेर खाली सोडून, काढा आणि बागेला घाला. अळू आणि केळीला हे पाणी खताइतकंच मानवतं.

पाण्याची पातळी ठरावीक खाली गेली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच मिळतो, तोही लावा. मात्र त्याच्या भरवशावर सुटकेचा पाइप टाळू नका. फ्लोट शेवाळात किंवा वायरमध्ये अडकतो, उताराला लागलेलं पाणी अडकत नाही.

आणखी एक स्वस्त वस्तू आपल्याकडे सहज मिळते: पाण्याची टाकी भरली की बोलणारा अलार्म. गच्चीच्या टाकीसाठी बनवलेला असतो. त्याच्या सेन्सरची टोकं ड्रममध्ये, रोजच्या पातळीच्या दीड इंच वर लटकवा आणि भोंगा झोपायच्या खोलीजवळ बसवा. टोकांवर गंज चढतो, म्हणून महिन्यातून एकदा घासा आणि पेलाभर पाण्यात बुडवून वाजतो का ते पाहा.

विजेच्या बाबतीत एकच, पण पक्कं: हौदाची लाइन ३० मिलीअँपिअरच्या ईएलसीबीवरच (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावी आणि पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करावं.

वीज गेली की काय होतं

वीज जाणं रोजचंच, म्हणून ही परीक्षा बटण बंद करून तुम्हीच घ्या. पंप थांबला की ड्रममधलं परतीच्या पाइपच्या वरचं पाणी आणि धबधब्यातलं पाणी हौदात उतरतं आणि हौदाची पातळी वाढते. हौद काठापर्यंत भरायची सवय असेल तर तेवढं पाणी बाहेर सांडतं, वीज आल्यावर पातळी कमी दिसते, तुम्ही पुन्हा भरता, आणि असं रोज चालू राहतं. काठाखाली चार इंच जागा कायम मोकळी ठेवा.

दुसरी भानगड सायफनची. पंपाचा पाइप ड्रमच्या तळापर्यंत खाली सोडलेला असेल तर वीज गेल्यावर ड्रममधलं सगळं पाणी, गाळासकट, उलटं हौदात ओढलं जातं. त्यासाठी पाइपला ड्रमच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या वर, ३-४ मिलिमीटरचं एक भोक पाडा. त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. पंप चालू असताना त्यातून चिळकांडी उडेल, ती ड्रमच्या आतच पडेल अशी दिशा ठेवा.

जमिनीत टाक्या असलेल्यांनीही हीच परीक्षा घ्यावी. तिथे पंप थांबला की वरच्या पाइपांतलं पाणी टाक्यांत परततं आणि त्यांच्या झाकणांतून बाहेर येऊ शकतं.

तुंबतं कुठे

स्पंज तुंबणं तर उघड दिसतं. न दिसणारी जागा म्हणजे परतीच्या पाइपच्या तोंडाशी लावलेली जाळी. बायोबॉल किंवा प्लॅस्टिकचे बारीक तुकडे हौदात जाऊ नयेत म्हणून ती लावावीच लागते, पण पाइपच्या तोंडावर सपाट जाळी बांधली तर दहा-बारा तुकडे येऊन चिकटले तरी वाट बंद होते. त्याऐवजी हातभर लांब पाइपला चहूबाजूंनी करवतीने खाचा पाडा, टोकाला टोपी लावा आणि हा तुकडा तोंडाला जोडून ड्रममध्ये उभा किंवा आडवा ठेवा. खाचांचं एकूण क्षेत्रफळ पाइपच्या तोंडाच्या कितीतरी पट होतं, मग तुकडे चिकटले तरी पाण्याला जागा उरते.

होज पाइप क्लॅम्पशिवाय नुसता दाबून बसवलेला असेल तर उन्हाळ्यात मऊ पडून निसटतो. प्रत्येक जोडाला स्टीलचा क्लॅम्प लावा. घुशी जमिनीलगतचे पाइप कुरतडतात, म्हणून तिथे पीव्हीसी वापरा. पंप ते ड्रम हा पाइप शक्यतो हौदाच्या वरूनच न्या, म्हणजे एखादा जोड सुटला तरी पाणी हौदातच पडेल.

आता सफाई. दिवस ठरवून धुण्यापेक्षा ड्रमच्या आत रोजच्या पातळीला मार्करची रेघ मारा आणि पातळी रेघेच्या वर एक इंच चढली की धुवा. थंडीत हे पंधरा दिवसांनी होईल, फेब्रुवारी ते एप्रिल कदाचित तीन दिवसांनीच. या दिवसांत पिंपळ, शिरीष, गुलमोहर पानं टाकत असतात. पिंपळाचं पान मोठं असतं, जाळीवर दिसतं आणि हाताने उचलता येतं. गुलमोहराची पर्णिका तांदळाच्या दाण्याहून थोडीच मोठी. ती पंपाच्या जाळीतून सहज जाते आणि स्पंजवर जाऊन गोधडीसारखी बसते. झाड तोडायचा विचार मनात आणू नका, त्याची सावली माशांना हवी आहे. हौदावर शेडनेट ताणा आणि संध्याकाळी एकदा झाडा. त्याने बाष्पीभवनही कमी होतं.

स्पंज हौदाच्याच पाण्यात, बादलीत पिळा. नळाखाली धरलात तर क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात आणि माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारं कुणी उरत नाही. सगळे स्पंज एकाच दिवशी धुऊ नका. आज अर्धे, आठवड्याने अर्धे.

पाणी कमी होतंय, पण ओसंडत नाही

हौदाच्या आतल्या भिंतीवर प्लॅस्टिकची फूटपट्टी उभी चिकटवा. रोज सकाळी एकाच वेळी आकडा वाचून कॅलेंडरवर लिहा. आमच्याकडे हे काम आईंनी स्वतःहून घेतलं आहे. महिनाभराच्या आकड्यांवरून जे कळतं ते कुठल्याही यंत्राने कळत नाही.

काही पाणी उडून जाणारच. दख्खनच्या कोरड्या उन्हाळ्यात उघडं पाणी दिवसाला ६ ते १० मिलिमीटर उतरतं, धबधबा असेल तर त्याहून जास्त. ३ मीटर बाय २ मीटरच्या हौदात १० मिलिमीटर म्हणजे ६० लिटर, तीन बादल्या. एवढं पाणी मे महिन्यात गेलं तर ती गळती नाही. ऑगस्टमध्ये गेलं तर नक्की आहे.

शंका असेल तर बादलीची परीक्षा करा. बादली हौदाच्या पाण्याने भरून हौदातल्याच पायरीवर ठेवा, तरंगू नये म्हणून आत दगड टाका. बादलीतली पातळी आणि बाहेरची पातळी, दोन्हींवर खूण करा. पाऊस नसलेला दिवस निवडा. चोवीस तासांनी दोन्ही सारख्याच उतरल्या असतील तर पाणी हवेत गेलं आहे. हौद जास्त उतरला असेल तर जितका जास्त तितकी गळती.

मग पुढचा प्रश्न, गळती हौदात की पाइपांत? एका रात्रीपुरता पंप बंद ठेवून पाहायचं. मात्र हौदात हवेचा पंप चालू हवाच, आणि फिल्टरमधले स्पंज व बायोबॉल जाळीच्या पिशवीत घालून हवेच्या दगडापाशी (हवेच्या पंपाच्या नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा दगड) हौदात लटकवा. बंद ड्रममधलं पाणी काही तासांतच कुजकं होतं. ते पुन्हा चालू करण्याआधी बागेत ओतून टाका, तसंच हौदात सोडलं तर माशांना बाधतं. पंप बंद असताना पातळी स्थिर राहिली तर दोष ड्रम, पाइप किंवा धबधब्यात आहे. तरीही उतरत असेल तर हौदातच आहे, आणि पातळी जिथे येऊन थांबते त्या उंचीवर चीर शोधायची. मासे अडचणीत येतील इतकं उतरू देऊ नका.

चिरेची नेमकी जागा दुधाने सापडते. पाणी अगदी शांत असताना बिनसुईच्या सिरिंजने संशयाच्या जागेपाशी दोन थेंब दूध सोडा. गळती असेल तर दुधाची बारीक रेघ भिंतीकडे ओढली जाते. सिमेंटच्या हौदात भिंतीतून पाइप बाहेर पडतो ती जागा पहिली तपासा, मग कोपरे. सिमेंटने दुरुस्ती केली तर चुन्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) चढतो, त्यामुळे मासे हलवूनच काम करा आणि नंतर दोन-तीनदा पाणी भरून टाकून द्या.

बरेचजण शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद हौदाच्या आत अंथरतात. तो टिकाऊ आहे, पण ताठ. कोपऱ्यात घड्या पडतात आणि कडा बाहेर मातीत आडव्या दाबल्या जातात. हिरवळ त्या कडेला टेकली की माती वातीसारखं पाणी शोषत राहते. चीर कुठेच सापडत नाही आणि हौद मात्र रोज उतरतो. ओळखायची खूण म्हणजे मे महिन्यात हौदाच्या एकाच बाजूचं गवत जास्त हिरवं असतं. उपाय सोपा: कागदाची कड मातीच्या वर उभी करा आणि दोन्ही बाजूंनी दगड लावून धरा.

धबधबा असेल तर त्याच्या दगडांवरचं शेवाळ काढत जा. शेवाळाचा बांध तयार झाला की पाणी कडेने वाट काढतं आणि दगडामागच्या मातीत मुरतं. पुरात नदीचं जे होतं, तेच वीतभर जागेत होतं.

भरताना घ्यायची काळजी

कमी झालेलं पाणी भरतानाच बरेच मासे जातात. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते कल्ले जाळतं. रंगीत माशांच्या दुकानात अँटिक्लोरीनचे थेंब मिळतात, ते घाला. नळी थेट हौदात सोडणार असाल तर मात्रा नव्या पाण्यापुरती न धरता संपूर्ण हौदाच्या पाण्याची धरा. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण प्राणवायूही कमी असतो, म्हणून ते फवाऱ्याने पाडा.

नळ सोडताना मोबाइलवर गजर लावा, मग नळ सोडा. याच क्रमाने. नळ सोडून फोन घ्यायला आत गेलेल्या माणसाला मध्येच दुसरं काम निघतं.

नळाला बॉल कॉक जोडून पाणी आपोआप भरायची सोय मोहात पाडते. मी ती करू नका म्हणेन. हौद गळत असला तरी पातळी हलत नाही, गळती लपते आणि क्लोरीनचं पाणी दिवसरात्र आत येत राहतं. सोय हवीच असेल तर २०० लिटरची वेगळी टाकी ठेवा, तिच्यात अँटिक्लोरीन घातलेलं पाणी भरा आणि बॉल कॉक त्या टाकीला जोडा. टाकी किती दिवसांत रिकामी झाली यावरून गळतीही कळते.

पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. हौदाचा काठ जमिनीपासून सहा इंच वर असावा, म्हणजे अंगणातलं खताचं पाणी आत येणार नाही. गच्चीचं पाणी हौदात सोडू नका. हौदाच्या स्वतःच्या ओव्हरफ्लोला मात्र जाळी हवीच, आणि तीही मोठ्या क्षेत्रफळाची. पहिल्या मोठ्या पावसात मासे काठावरून वाहून गेल्याचं मी शेजारी पाहिलं आहे.

गणपतीला गावी जाणार असाल तर फिल्टर निघायच्या दिवशी धुऊ नका, दोन दिवस आधी धुवा. नीट न बसलेला स्पंज किंवा सैल क्लॅम्प त्या दोन दिवसांत स्वतःहून दिसतो. चार-पाच दिवस मोठ्या कोईंना खाणं दिलं नाही तरी चालतं. शेजाऱ्यांना खाणं घालायला सांगू नका, दिवसातून एकदा पट्टीवरचा आकडा कळवायला सांगा.

आणि तरीही सकाळी हौद रिकामा दिसला तर

पंपाचं बटण बंद करा. हवेचा पंप उरलेल्या पाण्यात सोडा. तो नसेल तर तांब्याने पाणी उचलून वरून ओतत राहा, घरातलं कुणीही हे करू शकतं. कोई हा आपल्या धरणांतल्या सायप्रिनसचाच रंगीत भाऊबंद, चिवट मासा आहे. जपानच्या नीगाता प्रांतात २००४च्या ऑक्टोबरमध्ये भूकंप झाला, तेव्हा यामाकोशीच्या डोंगरातली कोईची तळी फुटली, वीज गेली, आणि तगलेले मासे हेलिकॉप्टरने हलवावे लागले. आपल्याला एवढं करायचं नाही. अंगावर ओला पंचा टाका, ऊन लागू देऊ नका, आणि हाताळावं लागलंच तर ओल्या हाताने, पोटाखाली आधार देऊन उचला.

मग अँटिक्लोरीन घालून हळूहळू भरा. पाण्याची धार माशांपासून दूर पाडा. पाणी अर्ध्यावर आलं की फिल्टर चालू करा, त्याआधी ड्रममधलं साचलेलं पाणी बाहेर काढा. दोन दिवस खाणं बंद. अमोनियाचं टेस्ट किट आठवडाभर रोज वापरा, आणि प्रत्येक मासा दोन्ही बाजूंनी नीट न्याहाळा. खरचटलेली जागा पांढरी किंवा लाल दिसायला लागली तर त्याच दिवशी माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला दाखवा. मी तीन दिवस वाट पाहिली होती.